दोन सिलिंडरांची साक्ष

जुनी राजदूत ३५० विकणाऱ्या काकांना मी फोनवर एकच अट घातली होती : आम्ही येईपर्यंत गाडीला किक मारायची नाही. पलीकडे थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग, "म्हणजे एकदा फसलेले दिसता," एवढेच म्हणून त्यांनी रविवारी सकाळी सात वाजता सहकारनगरला यायला सांगितले आणि फोन ठेवला.

फसलो होतो हे खरेच. पंधरा वर्षांपूर्वी पहिली राजदूत ३५० घ्यायला गेलो, तेव्हा मी पोहोचण्याआधीच तिचे इंजिन कोमट होते. "आत्ताच दूध आणायला गेलो होतो," असे विकणारे गृहस्थ म्हणाले आणि त्यात शंका घेण्यासारखे काही आहे, हे माझ्या डोक्यातही आले नाही. अर्ध्या किकमध्ये गाडी चालू झाली, धूर फारसा नव्हता, आवाज कानाला गोड लागला आणि मी तिथल्या तिथे पैसे मोजले. तिसऱ्या आठवड्यात खंबाटकीच्या चढावर डावा पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटला. मागचे चाक जागच्या जागी थांबले आणि हात सवयीने क्लचवर गेला म्हणूनच मी आज हे लिहितो आहे. गाडी टेम्पोत घालून पुण्याला आणली आणि इंजिन उघडले, तेव्हा क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, डाव्या टोकाचे रबरी सील खारकेसारखे कडक झालेले निघाले. थंड इंजिनावर तीन-चार किक मारल्या असत्या, तर या दुखण्याची चाहूल तरी लागली असती. तापलेले इंजिन मात्र पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखे असते. तेवढा वेळ ते शहाणेच वागते.

म्हणून या खेपेला मी मिस्त्रींना बरोबर घेतले. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांमागे एका बोळात त्यांचे गॅरेज आहे. दोन स्ट्रोकच्या गाड्यांत त्यांची हयात गेली आहे. बोलतात कमी, आणि जे बोलतात ते बहुधा गाडीशी बोलल्यासारखे बोलतात.

काकांनी गाडीवरची जुनी चादर काढली. मिस्त्रींनी नमस्कारही करण्याआधी उजव्या तळव्याची मागची बाजू इंजिनाच्या फिन्सना, म्हणजे ते गार ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांना, टेकवली, मग दोन्ही सायलेन्सरना हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. गाडी गार होती. काकांनी शब्द पाळला होता. त्या एका गोष्टीने माझे मत त्यांच्या बाजूने झुकले, हे मला कबूल केले पाहिजे, आणि गाडी घेताना अशा झुकलेल्या मनापासूनच सांभाळून राहावे लागते.

यामाहाच्या आरडी ३५० बी या जपानी गाडीवरून एस्कॉर्ट्सने १९८३ पासून आपल्याकडे ही गाडी बनवली आणि ऐंशीचे दशक सरता सरता ती बंदही झाली. ३४७ सीसी, ६४ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ५४ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव), सहा गिअर. सुरुवातीच्या, एचटी (हाय टॉर्क) म्हणवल्या जाणाऱ्या गाडीची ताकद ३०.५ अश्वशक्ती होती. पेट्रोल जरा कमी प्यावे म्हणून नंतर आलेल्या एलटीची (लो टॉर्क) २७. त्या काळी रस्त्यावरच्या बहुतेक मोटारसायकलींची ताकद याच्या निम्मीही नव्हती. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता आणि आपल्या गाडीला ड्रम दिला गेला. म्हणजे पळायचे जपानसारखे आणि थांबायचे देवाच्या भरवशावर. आज ही गाडी विकणारा जवळजवळ प्रत्येक जण आपली एचटीच आहे असे सांगतो. काकाही तेच म्हणाले. त्यावर मिस्त्री म्हणाले, "एचटी का एलटी ते नंतर बघू काका. आधी दोन्ही सिलिंडर एका घरातले आहेत का ते बघू."

मिस्त्रींच्या त्या वाक्यात या गाडीच्या तपासणीचे सगळे मर्म होते, असे मला वाटते. एका सिलिंडरची जुनी गाडी पाहताना तुलनेचे माप बाहेरून आणावे लागते : आधी पाहिलेल्या गाड्या, पुस्तकातले आकडे, कानात बसलेला एखादा आवाज. हा आवाज या गाडीचा मूळचाच आहे की वयाचा, असा प्रश्न पडला तर उत्तर द्यायला तिथे दुसरे कुणी नसते. दोन सिलिंडरांच्या गाडीत माप गाडीतच असते. दोन्ही सिलिंडर एकाच दिवशी बसवलेले असतात, एकाच टाकीतले पेट्रोल पितात, तेच रस्ते, तेच चढ आणि तोच चालवणारा दोघांच्याही वाट्याला आलेला असतो. त्यामुळे डाव्यात आणि उजव्यात फरक दिसला, तर त्याला काहीतरी कारण असलेच पाहिजे. मालक काही सांगो अथवा न सांगो, एक सिलिंडर दुसऱ्याबद्दल साक्ष देत असतो.

कागदपत्रे मी आधी पाहिली, कारण इंजिन दुरुस्त होते पण कागद होत नाहीत. नंबर जुन्या पद्धतीचा, एमने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचा होता. १९८९ च्या मोटार वाहन नियमांनंतर आलेला एमएच १२ नव्हे. पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण वेळोवेळी झालेले होते, पर्यावरण कराची पावती होती, कर्जाचा बोजा कुठे नोंदलेला नव्हता. संगम पुलाजवळच्या आरटीओत चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून छाप घेतात, तसाच छाप मी हँडलखालच्या नळीवरून घेतला. डोळ्याला सरळ वाटणारे आकडे कागदावर वाकडे दिसू लागले, किंवा आकड्यांभोवतीचा पत्रा कानशीने घासल्यासारखा गुळगुळीत लागला, तर तिथूनच परत फिरावे. इथे सगळे आकडे एका ओळीत, एका खोलीचे होते आणि आरसी बुकाशी जुळत होते. जाता जाता एक सांगायला हवे : विकणारे 'व्हिंटेज' हा शब्द सढळ हाताने वापरतात, परंतु २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने असावे लागते, आणि तशी नोंदणी झालेले वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. काकांची गाडी १९८५ ची आहे. कायद्याच्या लेखी ती अजून नुसतीच जुनी आहे, आणि चालवायची असेल तर तेच बरे.

सांगाडा पाहायला फार वेळ लागला नाही. समोरून ठोकर बसलेली असेल तर हँडलखालच्या सांध्यामागे दोन्ही नळ्यांच्या रंगाला सुरकुती पडते; ती नव्हती. पुढचे चाक उचलून हँडल डावीकडून उजवीकडे फिरवले, तेव्हा मध्यावर किंचित अडखळले, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांनी तिथे खाचा पाडल्या होत्या. तो खर्च फारसा नाही. मागचे चाक आडवे हलवून पाहिले. बुश ठीक होते. टाकीवर फडक्यात गुंडाळलेले चुंबक फिरवले. ते उजव्या बाजूला एका तळहाताएवढ्या जागेवर धरेना, म्हणजे तिथे पोच काढण्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली होती. काकांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "तिथे आमच्या हिने साखरेचा डबा पाडला होता." गाडीवर साखरेचा डबा कसा पडतो, हे मी विचारले नाही.

मग मिस्त्रींनी किकवर पाय न ठेवता ती हाताने हळूहळू खाली दाबली. या इंजिनात एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो, त्यामुळे किक दाबताना हाताला आळीपाळीने दोन उंचवटे जाणवतात. एक डाव्याचा, एक उजव्याचा. त्यांनी चार-पाच वेळा तसे केले, डोळे मिटून, आणि मग मला करायला सांगितले. पहिल्या वेळी मला काहीच कळले नाही. तिसऱ्या वेळी कळले. एक उंचवटा भरदार होता आणि दुसरा, नेहमीची पायरी चढताना ती बोटभर कमी निघावी, तसा हातातून निसटत होता.

प्लग काढले. उजव्याच्या टोकाला मारी बिस्किटाचा रंग होता, हवा तसा. डाव्याचे टोक पांढरट, राखेसारखे. पांढरट प्लगचा अर्थ असा की त्या सिलिंडरला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळते आहे आणि तो गरजेपेक्षा जास्त तापतो आहे. काळा ओला प्लग पाहून माणसे घाबरतात, पांढऱ्याकडे मात्र 'स्वच्छ आहे' म्हणून समाधानाने पाहतात. दोन स्ट्रोकच्या इंजिनात खरा धोका पांढऱ्याचा असतो, कारण तिथे आत येणारे पेट्रोलच पिस्टनला थंड ठेवते. पेट्रोल कमी पडले की पिस्टन तापून फुगतो आणि चिकटतो.

त्यानंतर प्लगच्या जागी दाब मोजायचे मीटर लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, काटा वर चढायचा थांबेपर्यंत मिस्त्रींनी किका मारल्या. उजवीकडे १२५ पौंड, डावीकडे १०८. दोन सिलिंडरांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा, असा कारागिरांचा सर्वसाधारण नियम आहे. इथे तो साडेतेराच्या पुढे गेला होता. काका शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळे पाहत होते. "कार्ब्युरेटर जरा सेट करायला झालाय," ते म्हणाले. मिस्त्रींनी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बोट धरून मला मूठ पिळायला लावली. दोन्हीकडचे स्लाइड (पेट्रोल-हवेची वाट उघडणाऱ्या झडपा) एकाच क्षणी उठत होते. त्यांनी काकांना उत्तर दिले नाही.

इथे माझ्या पहिल्या गाडीची गोष्ट पुन्हा आठवते. ती गाडी घेतल्यावर मीही मीटर लावून घेतले होते आणि दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखे होते; त्यावरच तर मी निर्धास्त झालो. मीटर मोजते ते पिस्टनच्या वरचा दाब. दोन स्ट्रोकचे इंजिन मात्र पिस्टनच्या खालूनही श्वास घेते : पेट्रोल, तेल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते, तिथे दाबले जाते आणि मग वर जाते. या गाडीत प्रत्येक सिलिंडरखाली स्वतंत्र कप्पा आहे आणि क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक सील आहे. उजव्या टोकाच्या सीलपलीकडे क्लच आणि गिअरचे ऑइल असते, त्यामुळे ते सील गेले तर गिअर ऑइल आत ओढले जाऊन उजवा सायलेन्सर भसाभसा धूर सोडतो; ते आंधळ्यालाही कळते. डाव्या सीलपलीकडे नुसती हवा असते. ते गेले तर आत हवा ओढली जाते, आणि हवा कुणाला दिसत नाही. धूर नाही, गळती नाही, वास नाही. गाडी उलट जरा जास्तच चपळ वाटते, आणि मग एके दिवशी खंबाटकी येते.

मिस्त्रींनी डावे झाकण उघडले. आत डायनामोचा रोटर आणि पॉइंटचे, म्हणजे प्लगला ठिणगीची वेळ देणाऱ्या खटक्यांचे, दोन संच होते. रोटर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून त्यांनी वर-खाली हलवून पाहिला. मेन बेअरिंग झिजले असेल तर तो केसभर का होईना हलतो. हा हलला नाही. "बेअरिंग आहे," ते म्हणाले, आणि एवढ्यावर गाडीची अर्धी किंमत माझ्या मनात पक्की झाली.

मग गाडी चालू केली. थंड इंजिन चौथ्या किकला जागे झाले. पहिल्या मिनिटात दोन्हीकडून निळसर धूर आला, तो यायलाच हवा. मी मागे उकिडवा बसून दोन्ही तळवे दोन सायलेन्सरच्या तोंडांपासून वीतभर अंतरावर धरले. उजव्या तळव्यावर ठोके एकसारखे पडत होते. डाव्या तळव्यावर सात-आठ ठोक्यांनंतर एक गहाळ व्हायचा, पुन्हा ठीक व्हायचे. इंजिन तापले तेव्हा मिस्त्रींनी रेस देऊन मूठ एकदम सोडली. आवाज झटकन खाली यायला हवा होता. तो मध्येच रेंगाळला, दोन सेकंद तसाच वर राहिला आणि मग नाइलाजाने खाली आला. मला खंबाटकीच्या आधीचे तीन आठवडे आठवले. ही रेंगाळण्याची लकब तेव्हा मला ऐटदार वाटली होती.

आता फक्त खात्री करायची होती. हवा कुठून शिरते ते पाहायला काही जण सांध्यांवर पेटणारा स्प्रे मारतात, पण डाव्या बाजूला पॉइंटच्या ठिणग्या उडत असतात आणि तिथे स्प्रे मारणे म्हणजे आग लावणे. मिस्त्रींनी खिशातून औषधाची जुनी सिरिंज काढली, तिला बारीक नळी जोडली, त्यात टू-टी ऑइल (दोन स्ट्रोकच्या इंजिनाचे तेल) भरले आणि रोटरच्या मागे, सीलच्या कडेला थेंब थेंब सोडले. दहा-बारा सेकंद काहीच झाले नाही. मग डाव्या सायलेन्सरमधून, फक्त डाव्यातून, पांढरा दाट धूर आला, आणि तेवढ्या वेळापुरते इंजिन इतके समजूतदारपणे चालू लागले की काका खुर्चीवरून उठून उभे राहिले. बाहेर सोडलेले तेल सीलच्या फटीतून आत ओढले जात होते, आणि आत जाता जाता तीच फट बुजवत होते.

गाडी चालवून पाहण्याचे मी पर्वतीच्या पायथ्यापर्यंतच ठेवले, तेही दोन बोटे सतत क्लचवर ठेवून. गिअर सगळे पडत होते, दुसरा दाब देऊनही सुटत नव्हता, ब्रेक अपेक्षेएवढेच वाईट होते.

परत आलो तेव्हा काकूंनी चहा ठेवला होता. बाहेरच्या खोलीत टीपॉयवर पेनांचा स्टँड होता. एका पेन्सिलीचे टोक त्याच्या अंगातल्या चौकोनी खिडकीतून बाहेर आले होते, म्हणून माझे लक्ष गेले. तो पिस्टन होता, डोके खाली करून ठेवलेला. काका चश्मा शोधायला आत गेल्यावर मी पेने काढून तो उचलला. खिडक्या आहेत ती मागची बाजू, जिथून मिश्रण आत येते. मी तो फिरवून पुढची, एग्झॉस्टकडची बाजू पाहिली. तिथे बोटभर रुंदीत उभे ओरखडे होते, ॲल्युमिनियम वितळून पुसल्यासारखे, आणि रिंगेची खाच एका जागी बुजून गेली होती. असाच एक पिस्टन माझ्याही घरी आहे; मी तो माळ्यावर टाकला आहे.

"हा डावा ना काका?" ते बाहेर आल्यावर मी विचारले.

"डावाच. अठ्ठ्याण्णव साली. कात्रजच्या जुन्या घाटात."

पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी टूलरूममध्ये तीस वर्षे काढली होती. त्यांनी डावा सिलिंडर स्वतः उभे राहून बोअर करून घेतला होता आणि अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला होता. उजवा अजून कंपनीच्या मूळ मापावर होता. दोन्हीकडे वेगवेगळ्या मापाचे पिस्टन कसे चालतील, असे मी म्हणालो, तेव्हा ते जरासे दुखावलेच. "उजवा ठणठणीत होता. ठणठणीत सिलिंडर कशाला कापायचा? सीलही तेव्हाच नवीन टाकलं होतं." त्यांच्या म्हणण्यात हिशेब होता, आणि एक चूकही होती, पण ती चूक अठ्ठ्याण्णव सालची नव्हती. नवीन टाकलेले सील पुढे वीस-पंचवीस वर्षे चादरीखाली उभ्या असलेल्या गाडीत पडून राहिले, आणि रबराची ओठासारखी कड वापरावाचून कडक होत गेली. गाडीच्या मीटरवर चौदा हजार किलोमीटर आहेत आणि जाहिरातीत त्यांनी ते अभिमानाने लिहिले होते. मला विचाराल तर जुन्या गाडीच्या बाबतीत कमी किलोमीटरचे कौतुक जपूनच करावे. रोज दूध आणायला जाणारी गाडी पुष्कळदा अधिक निरोगी निघते.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" मिस्त्रींनी विचारले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, कुतूहल होते.

"सहा जण बघून गेले," काका म्हणाले. "सगळ्यांनी एचटी आहे का विचारलं. चिकटली होती का, ते कुणी विचारलंच नाही. आणि थंड इंजिन तर फक्त यांनीच मागितलं."

हिशेब मिस्त्रींनी वर्तमानपत्राच्या कडेवर मांडला. या इंजिनाची केस आडवी उघडते आणि ही सील केसमधल्या खाचेत बसलेली असतात, त्यामुळे बाहेरून ओढून काढून नवीन ठोकता येत नाहीत. इंजिन उतरवून पूर्ण उघडावेच लागते. उघडलेच आहे तर दोन्ही सील बदलायची, डावा पुढच्या मापाला बोअर करायचा, आणि माझ्या आग्रहाखातर उजवाही त्याच मापावर आणायचा. मिस्त्री आणि काका या शेवटच्या मुद्द्यावर माझ्याविरुद्ध एक झाले. मी ऐकले नाही. आज ना उद्या कुणी तरी या गाडीशेजारी उकिडवे बसून दोन्ही सायलेन्सरपुढे तळवे धरणारच आहे, आणि तेव्हा त्याला दोन्हीकडे एकच उत्तर मिळावे, असे मला वाटते.

काकांनी तीन लाख पंचवीस हजार सांगितले होते. दोन लाख साठ हजारांवर ठरले. फारशी ओढाताण झाली नाही, कारण वर्तमानपत्राच्या कडेवरचा आकडा काकांनी स्वतःच तपासून, एका जागी दुरुस्त करून, माझ्याकडे सरकवला होता. मी विसार दिला, त्यांनी मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या केल्या आणि मिस्त्रींनी टेम्पोवाल्याला फोन लावला, कारण या अवस्थेत ती नाना पेठेपर्यंतही चालवायला ते तयार नव्हते.

सही करून झाल्यावर काकांनी पेन परत पिस्टनमध्ये ठेवले. मी तिकडे जरा जास्त वेळ पाहिले असावे.

"तो गाडीबरोबर नाही हं," ते म्हणाले. "पेनं कशात ठेवू मग?"